टिक केलेलं कार्ड

मी ग्रेडिंगला पाठवलेलं डॉमिनिक विल्किन्सचं कार्ड परत आलं, तेव्हा त्यावर आकडा नव्हता. फ्लीअर कंपनीच्या १९८६-८७ च्या संचातलं १२१ नंबरचं कार्ड. विकणाऱ्याने 'अगदी नवंकोरं' म्हणून गळ्यात मारलं होतं आणि मी महिन्याच्या किराण्याएवढे पैसे मोजले होते. शेरा एवढाच होता: कडा कापलेल्या. त्याच संचातलं एक साधं कार्ड मी त्याच्यावर ठेवून पाहिलं. एका बाजूने विल्किन्स केसभर कमी भरला. झिजलेली कड कुणीतरी पात्याने साफ केली होती. ती कड इतकी सुंदर होती, तिथेच मला शंका यायला हवी होती.

तेव्हापासून न्यू जर्सीतल्या माझ्या खोलीत भिंग आहे, टॉर्च आहे आणि एक प्रश्न आहे. जुन्या बास्केटबॉल कार्डाला आपण 'चांगलं' म्हणतो, म्हणजे नेमकं काय म्हणतो?

बाजाराचं उत्तर चार गोष्टींत संपतं. चित्र चौकटीच्या मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा शाबूत आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग किंवा घडी आहे का. कार्ड तिरक्या उजेडात धरलं की समोरून न दिसणारी सुरकुती दिसते. मग १ ते १० मधला एक आकडा मिळतो आणि कार्ड कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद होतं.

आता सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घेऊ. त्याच फ्लीअर संचातलं ५७ नंबरचं मायकेल जॉर्डनचं कार्ड. हे दुर्मिळ आहे का? मला विचाराल तर नाही. एकट्या पीएसए या कंपनीने त्याच्या वीस हजारांहून जास्त प्रती तपासल्या आहेत. दुर्मिळ आहे तो १० हा आकडा; तो तीनशेच्या आसपास प्रतींनाच मिळाला. त्या संचाची लाल-निळी किनार कडेला जराशी घासली तरी आतला पांढरा कागद डोकावतो, म्हणून. २०२१ च्या जानेवारीत अशी एक प्रत ७,३८,००० डॉलरला गेली आणि काही महिन्यांतच भाव निम्म्याहून खाली आला. कार्डात काहीच बदललं नव्हतं. कोपरे तेच होते, १० तोच होता.

म्हणजे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो: वस्तूची दुर्मिळता आणि अवस्थेची दुर्मिळता. १९४८ चा बोमन संच ७२ कार्डांचा. त्यातल्या जॉर्ज मायकनच्या कार्डाला घडी पडलेली असली तरी लोक ते हातात जपून धरतात, कारण मुळात ते समोर येणंच अवघड. जॉर्डनचं कार्ड मात्र पैसे असतील तर आज संध्याकाळी मिळेल. ग्रेडिंग कंपन्यांचे तक्ते हा फरक सांगत नाहीत. ते फक्त तपासायला आलेली कार्डं मोजतात. कुणाच्या माळ्यावर पडलेलं कार्ड त्यात नसतं. उलट जास्त आकड्याच्या आशेने डबीतून काढून पुन्हा पाठवलेलं एकच कार्ड दोनदा मोजलं जाऊ शकतं.

ग्रेडिंग म्हणजे थोतांड, असं मी म्हणणार नाही. जॉर्डनच्या नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, आणि दोन अनोळखी माणसांमध्ये व्यवहार व्हायचा तर तिसरा डोळा लागतोच. मलाही माझी फसवणूक त्यामुळेच कळली. पण तो डोळाही चुकतो. पीएसएने सगळ्यात पहिलं तपासलेलं कार्ड बेसबॉलचं होतं, होनस वॅग्नरचं. त्याला ८ मिळाले. २०१३ मध्ये लिलाववाला बिल मास्ट्रो याने कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. टॉप्सचं १९८०-८१ चं कार्ड पाहा. एकाच पट्टीवर तीन खेळाडू: एका टोकाला लॅरी बर्ड, मध्ये ज्युलियस अर्व्हिंग, दुसऱ्या टोकाला मॅजिक जॉन्सन. मध्ये छिद्रांच्या रेघा. त्या रेघा कशासाठी? फाडण्यासाठी! मुलांनी तीन छोटी कार्डं करावीत म्हणून. ज्या मुलाने ती नीट फाडली, त्याचे तिन्ही तुकडे आज किरकोळीत जातात. ज्याने हातच लावला नाही, त्याच्या पट्टीला मान. कार्ड ज्यासाठी बनलं ते करणं हाच इथे दोष ठरतो.

त्याआधीचा टॉप्सचा १९६९-७० चा संच ९९ उंच कार्डांचा. नेहमीच्या खोक्यात ती मावत नाहीत, म्हणून कोपरे बिचारे आधीच दबलेले. त्यातलं शेवटचं, ९९ नंबरचं कार्ड म्हणजे नुसती यादी: प्रत्येक नावापुढे रिकामी चौकट. कार्ड मिळालं की टिक करायची. आज ज्या यादीवर एकही टिक नाही, तिला भारी किंमत आहे. वहीत काहीच न लिहिणाऱ्या मुलाला पहिला नंबर दिल्यासारखं हे आहे.

आकडा फक्त सांगतो की या वस्तूला किती कमी हात लागले. तेवढं सांगायला तो ठीक आहे. पण आपण त्यालाच वस्तूचं मोल समजतो, आणि मग कुणीतरी पातं घेऊन बसतं. माझ्या विल्किन्सची कड कापणाऱ्यालाही हेच ठाऊक होतं: झिजलेलं खरं कार्ड कमी विकतं, कापलेलं खोटं जास्त.

गेल्या महिन्यात एका कार्ड-मेळाव्यात मी ती यादी घेतली. टिक केलेली. दुकानदाराने डबीत घालायचीही तसदी घेतली नाही. निळ्या बॉलपेनच्या खुणा आहेत. सुरुवातीला ठसठशीत, पुढे घाईघाईने मारलेल्या. बऱ्याच चौकटी भरल्या आहेत. २५ वी रिकामी आहे. २५ नंबर म्हणजे ल्यू अल्सिंडर, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला. त्या मुलाला तो मिळालाच नाही.

ही यादी मी ग्रेडिंगला पाठवणार नाही.