बासष्ट टक्के आले कुठून?

सिनॉप्सिसच्या तयारीत असलेल्यांचं 'रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' कसं तयार होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शोधनिबंधाचा गोषवारा उघडायचा, त्यातली सगळ्यात मोठी टक्केवारी उचलायची, तिच्यामागे पी-व्हॅल्यू चिकटवायची आणि पुढच्या पेपरकडे वळायचं. एका निबंधाला एक वाक्य. अशी चाळीस-पन्नास वाक्यं झाली की प्रकरण संपलं. गाइडही फारसं विचारत नाहीत, कारण त्यांचंही प्रकरण असंच झालेलं असतं.

आज आपण एकच निबंध घेऊ आणि त्याच्या गोषवाऱ्यातच जरा रेंगाळू. निबंध आपल्या घरचा आहे. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या 'सर्च' संस्थेचा प्रयोग प्रसिद्ध केला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, ऊब आणि अंगावरचं दूध याकडे लक्ष द्यायच्या, आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर अँटिबायोटिक सुरू करायच्या, त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनही आलं. ४७ गावं तुलनेसाठी होती. पुढे २०११ पासून आशाताई देशभर नवजात बाळांच्या घरी ठरलेल्या भेटी देऊ लागल्या, त्या धोरणाच्या मुळाशी हा प्रयोग आहे. म्हणजे या तक्त्यातल्या आकड्यांवर पुढे कितीतरी बाळांचं आयुष्य अवलंबून होतं. असा निबंध आदराने वाचावाच, पण आदराने वाचणं म्हणजे डोळे मिटून वाचणं नव्हे.

गोषवाऱ्यात तीन दर आहेत. तिसऱ्या वर्षी, म्हणजे १९९७-९८ मध्ये, प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे २५.५, अर्भक मृत्युदर ३८.८ आणि प्रसवकालीन मृत्युदर ४७.८. प्रत्येकापुढे निव्वळ घट दिली आहे: ६२.२, ४५.७ आणि ७१.० टक्के. पी सगळीकडे ०.००१ पेक्षा कमी.

आता खरं सांगा, यातला कुठला आकडा तुम्ही उचलला असता? ७१ ना?

थांबा. आधी ६२.२ कसा आला ते बघू. प्रयोगाआधी, १९९३-९५ मध्ये, या गावांत नवजात मृत्युदर ६२ होता. ६२ वरून २५.५, म्हणजे ३६.५ ची घट. ३६.५ भागिले ६२ केलं की ५८.९ टक्के येतात, ६२.२ येत नाहीत. मग उरलेले ३.३ टक्के कुठले? ते तुलनेच्या गावांतून आले. तिथे याच काळात दर ५७.७ वरून ५९.६ झाला, म्हणजे ३.३ टक्के वाढला. इथली घट आणि तिथली वाढ यांची बेरीज म्हणजे ६२.२. 'निव्वळ' या शब्दाचा अर्थ एवढाच.

यामागचा विचार योग्य आहे. नुसतं 'आधी आणि नंतर' दाखवलं असतं तर कुणीही विचारलं असतं: त्या पाच वर्षांत रस्ते झाले, एसटी आली, लोक शिकले, दर आपोआप उतरला नसेल कशावरून? तुलनेची गावं त्याचं उत्तर देतात. तिथे दर जागच्या जागी राहिला, म्हणजे नुसता काळ पुढे सरकल्याने मुलं वाचत नव्हती. प्रबंधात 'प्री-टेस्ट पोस्ट-टेस्ट' करून थांबणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. तुमच्याकडे दुसरा गट नसेल तर ही शंका कुठल्याही पेअर्ड टी-टेस्टने फिटत नाही.

माझा आक्षेप रीतीवर आहे. टक्क्यांत टक्के मिळवणं ही रीत धोक्याची आहे, कारण दोन्ही टक्के वेगवेगळ्या पायांवर उभे असतात. समजा प्रयोगाच्या गावांत दर ६० टक्क्यांनी उतरला आणि तुलनेच्या गावांत ५० टक्क्यांनी चढला. बेरीज केली तर निव्वळ घट ११० टक्के! शंभरातली एकशे दहा बाळं वाचली म्हणायचं का? त्याऐवजी गुणोत्तर काढा. इथला दर आधीच्या ०.४ पट झाला, तिथला १.५ पट, ०.४ भागिले १.५ म्हणजे ०.२७, म्हणजे ७३ टक्के घट. याला निदान अर्थ तरी आहे.

हाच हिशेब खऱ्या आकड्यांवर करून बघा. नवजात मृत्युदरासाठी गुणोत्तराने ६० टक्के येतात. तिसऱ्या वर्षीचे दोन दर नुसते शेजारी ठेवले, २५.५ आणि ५९.६, तर ५७ टक्के. म्हणजे ५७, ५९, ६० किंवा ६२, मोजा कसंही, उत्तर साधारण तिथेच येतं. म्हणून नवजात मृत्युदराच्या आकड्यावर माझा भरवसा आहे.

आणि आता तो ७१. शेवटचा दर ४७.८ आहे. ही सगळी घट प्रयोगाच्या गावांतलीच असती, तर मूळ दर किती हवा होता? ४७.८ भागिले ०.२९, म्हणजे जवळपास १६५. प्रसवकालीन मृत्यूंत मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू येतात. ज्या गावांत नवजात मृत्युदर ६२ आहे तिथे हा दर १६५ असायला हजारामागे शंभराहून जास्त मृतजन्म हवेत. ते पटण्यासारखं नाही. म्हणजे ७१ मधला मोठा भाग प्रयोगाच्या गावांतला नाहीच. तुलनेच्या गावांत हा दर चढला आणि ती चढण इकडे 'घट' म्हणून जमा झाली. हे कळायला आपल्याला गोषवाऱ्याच्या बाहेरही जावं लागलं नाही, एक भागाकार पुरला.

दर का चढला असेल? लहान संख्यांचा चढउतार असेल. नोंदणी करणारे वर्षागणिक तरबेज झाले आणि आधी सुटणारे मृतजन्म नंतर सापडू लागले, असंही असू शकतं. कारण काहीही असो, तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लेचापेचा निघाला, आणि रिव्ह्यूत नेमका तोच जातो.

गंमत अशी की हा दर निबंधात असणं मात्र फार गरजेचं होतं. बाळ जन्मलं, एकदा श्वास घेतला आणि गेलं. त्याची नोंद 'मृतजन्म' अशी झाली तर नवजात मृत्युदर कागदावर उतरतो, प्रत्यक्षात एकही बाळ वाचलेलं नसतं. आरोग्यदूत स्वतःच नोंद करणार असेल तर ही शंका वाचकाला यायलाच हवी. प्रसवकालीन दरात दोन्ही मृत्यू एकत्र मोजले जातात, त्यामुळे लेबल बदलून तो खाली आणता येत नाही. तो दर वाढला नाही हे बघायला तो हवा. निव्वळ घटीचा ७१ हा आकडा मिरवायला नको.

हे मोजणीचं प्रकरण संख्याशास्त्राच्या आधीचं आहे. आपल्या अभ्यासक्रमात ते दीड तासात उरकतात आणि मग सहा महिने टेस्ट ऑफ सिग्निफिकन्स. वास्तविक गडचिरोलीच्या कामाचा कणा तिथेच आहे: गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपणं. पुढे 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दाखवलं, ते याच मोजण्याच्या सवयीतून. अंशस्थानी कोण, छेदस्थानी कोण, आणि कोण सुटलं? हे तीन प्रश्न कुठलंही सॉफ्टवेअर विचारत नाही.

आता पी-व्हॅल्यू. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी, एवढंच ती सांगते. हाताने ताडून बघा. सोयीसाठी दोन्हीकडे हजार-हजार जन्म धरू, मृत्यू २५ आणि ६०. फरक ३५. २५ अधिक ६० म्हणजे ८५, त्याचं वर्गमूळ ९.२, त्याला १.९६ ने गुणलं की १८. म्हणजे फरक १७ ते ५३ च्या दरम्यान. शून्यापासून बराच लांब.

इथे परीक्षक एक प्रश्न विचारू शकतात, तो ऐकून ठेवा: तुमचं एकक बाळ की गाव? एका गावातली बाळं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्यांची सुईण एक, पाणी एक, रस्ता एक. म्हणून हजार बाळांतून हजार बाळांइतकी माहिती मिळत नाही. सरासरी एका गावात २५ जन्म आणि गावातल्या गावात सारखेपणाचा गुणांक ०.०५ धरला, तर डिझाइन इफेक्ट १ अधिक २४ गुणिले ०.०५, म्हणजे २.२. त्याचं वर्गमूळ जवळपास दीड. मघाचे १८ आता २७ होतात, आणि फरक ८ ते ६२ च्या दरम्यान. पट्टा रुंदावला, पण शून्य अजूनही बाहेरच आहे. (तुमच्या सिनॉप्सिसमध्ये शाळा, वॉर्ड किंवा अंगणवाड्या निवडून आतली सगळी मुलं घेणार असाल आणि सॅम्पल साइझ मात्र ४ पीक्यू भागिले एल वर्ग या सूत्राने काढणार असाल, तर हे तुम्हालाच सांगतोय.)

तेव्हा योगायोगाची शंका या निबंधात तशी किरकोळच होती. खरी शंका दुसरी आहे आणि तिच्याबद्दल पी गप्प बसते: कुठली गावं प्रयोगात आणि कुठली तुलनेत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. सुरुवातीचे दर सारखे होते, ६२ आणि ५८, हे चांगलंच. पण आज दर सारखे असलेली गावं उद्याही सारखीच वागतील याची हमी नाही. संस्थेवरचा लोकांचा विश्वास, कार्यकर्त्यांची चिकाटी, वरून असलेली देखरेख, यातलं काहीच तक्त्यात मावत नाही.

म्हणून पुढचे प्रयोग शेजारी ठेवून वाचायचे. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच दोन आले, दोन्हीत समूहांची वाटणी यादृच्छिक होती. उत्तर प्रदेशातल्या शिवगडला नवजात मृत्युदर ५४ टक्क्यांनी कमी निघाला, बांगलादेशातल्या सिल्हेटला घरोघरी सेवेच्या गटात शेवटच्या सहा महिन्यांत ३४ टक्क्यांनी. दोन्हीकडची सेवा सारखी नव्हती, त्यामुळे थेट तुलना जपूनच. पण दिशा तीच आणि आकार लहान, हे दिसतं. माझ्या मते गडचिरोलीचा निष्कर्ष खरा आहे आणि ६२ हा त्याचा वरचा काठ आहे. आशाताईंकडून ६२ ची अपेक्षा ठेवणं त्यांच्यावर अन्याय होईल.

एक आकडा राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांतला मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आला. आधीची बाळं १६३, नंतरची ७१. म्हणजे आधी २७ मृत्यू, नंतर २. दोन! एक बाळ आणखी दगावलं असतं तर २.८ चे ४.२ झाले असते. ९५ टक्के विश्वास-अंतराळ काढलं तर नंतरचा दर ०.३ पासून जवळपास १० पर्यंत कुठेही असू शकतो, आणि आधीचा साधारण ११ ते २३. फरक आहेच. पण ही तुलना त्याच गावांतल्या आधीच्या काळाशी आहे, आणि जंतुदोषाचं निदान लक्षणांवरून केलेलं आहे. सौम्य बाळंही नंतर 'जंतुदोष' म्हणून धरली गेली असतील तर छेद फुगतो आणि दर आपोआप उतरतो. गावातला एकूण नवजात मृत्युदर मात्र निदानावर अवलंबून नाही, म्हणून या आकड्याला त्याच्या आधाराने उभं करावं लागतं.

तर मग रिव्ह्यूत वाक्य कसं लिहायचं? मी असं लिहीन: 'गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरपोच नवजात सेवेच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ झाला; तुलनेच्या ४७ गावांत तो ५८ च्या आसपासच राहिला; गावांची वाटणी यादृच्छिक नव्हती.' यात टक्केवारी नाही आणि पी नाही. गाइड विचारतील, पी कुठे गेला? टाका शेवटी कंसात, त्याने काही बिघडत नाही.

आणि घरी करायला एक: गोषवाऱ्यात म्हटलंय की दर १८ बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. ५९.६ आणि २५.५ यांवरून मला २९ येतात. 'भ्रूण किंवा नवजात मृत्यू' हे शब्द गोषवाऱ्यातच आहेत. १८ आणि २९ मधला फरक कुठून आला ते काढून बघा.