अंदाज निम्मा कसा करायचा?

वसतिगृहात एकच शेगडी आणि चांगलेचुंगले खाण्याची हौस असेल, तर पाककृतींच्या पुस्तकातली चित्रे नव्हे, प्रमाणे पाहावीत. ‘अंदाजाने पाणी’ हे शब्द आईच्या हाताखाली शिकलेल्यालाच कळतात. ज्या मुलाला स्वयंपाकघरात कधी कोणी बोलावलेच नाही, त्याच्यासाठी ते बंद दार आहे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०) वाटी-चमच्याच्या मापांनी ते दार उघडते. एस. मीनाक्षी अम्माळ यांच्या तमिळ पुस्तकाचे (१९५१) तर नावच ‘समैत्तुप् पार्’, म्हणजे ‘रांधून पाहा’. दोन्ही पुस्तके कुटुंबासाठी लिहिलेली. एकट्याने जेवणाऱ्याला माप निम्मे करावे लागते. पण लिहिलेले माप निम्मे करता येते, अंदाज नाही.