सीमेवरील छायाचित्रे व त्यांवरील अक्षरे

मेक्सिकन क्रांतीचा (१९१०–२०) विचार करणारे अभ्यासक तत्कालीन छायाचित्रांचा उपयोग बहुधा पुरावा म्हणून करतात. कोणता सेनानी कोठे होता, कोणाच्या शेजारी उभा होता, सैनिकांजवळ कोणती शस्त्रे होती, हे त्यांवरून ठरविले जाते. परंतु या सामग्रीचा एक मोठा भाग अमेरिकेच्या बाजूच्या गावांत विक्रीसाठी पोस्टकार्डांच्या रूपाने तयार झाला, आणि त्यांतील पुष्कळ कार्डांवर छायाचित्रकाराने लिहिलेली एक ओळ असते. चित्राची चिकित्सा होते. ओळ मात्र नुसती वाचून सोडून दिली जाते. वस्तुतः चित्रातील माणूस कोण हे पुष्कळदा ती ओळच ठरविते.

ही सीमा पूर्वभागात एका नदीने आखलेली आहे. उत्तर तीरावर तिला रिओ ग्रांदे म्हणतात, दक्षिण तीरावर रिओ ब्रावो. एल पासोसमोर सिउदाद ह्वारेस व ब्राउन्सव्हिलसमोर मातामोरोस अशी जोडगावे तिच्या काठी वसलेली आहेत. मे १९११ मध्ये मादेरोच्या सैन्याने ह्वारेस घेतले, तेव्हा एल पासोचे नागरिक घरांच्या गच्च्यांवरून ती लढाई पाहत होते. या प्रेक्षकवर्गातूनच पोस्टकार्डांचा ग्राहक निर्माण झाला. पत्त्याच्या बाजूस मजकूर लिहिण्याची मुभा अमेरिकन टपालखात्याने १९०७ साली दिली असल्याने कार्डाची दुसरी बाजू चित्रासाठी पूर्णपणे मोकळी झाली होती. एल पासो येथील वॉल्टर हॉर्न याचा व्यवसाय १९१६ साली दिवसाला पाच हजार कार्डांपर्यंत गेला होता. त्याच वर्षी जानेवारीत ह्वारेसमध्ये तिघांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या प्रसंगाची त्याची कार्डे मोठ्या प्रमाणावर खपली.

कार्डावर अक्षरे कशी येत, हे येथे महत्त्वाचे आहे. छायाचित्रकार निगेटिव्हवर काळ्या शाईने उलटी अक्षरे लिहीत असे. छापल्यावर ती सुलटी व पांढरी उमटत. म्हणजे ही ओळ चित्राखाली मागाहून जोडलेली नाही. ती चित्राच्याच द्रव्यात मिसळलेली आहे. तिचे व्याकरणही लक्षात घेण्यासारखे आहे. तीत बहुधा क्रियापद नसते; एखादे नाम, एखादे विशेषण, स्थळ व तारीख एवढेच असते. क्रियापद नसल्यामुळे कोणी काय केले हे सांगण्याची जबाबदारी ती घेत नाही आणि नामाला विधानाचे बळ प्राप्त होते.

केवळ चित्रावर विसंबल्यास अर्थ किती अस्थिर राहतो, याचे उत्तम उदाहरण ऑगस्ट १९१४ मधील एल पासो येथील प्रसिद्ध छायाचित्र होय. त्यात डावीकडे ओब्रेगॉन, मध्ये पांचो व्हिया व उजवीकडे अमेरिकन सेनानी पर्शिंग आहेत. त्या दिवशी हे स्नेहाचे चित्र होते. १९१५ साली व्हियाशी लढताना ओब्रेगॉनने आपला उजवा हात गमावला. ९ मार्च १९१६ रोजी व्हियाच्या लोकांनी कोलंबस गावावर हल्ला केला व त्याच महिन्यात पर्शिंग त्याला पकडण्यासाठी मेक्सिकोत शिरला. चित्रातील एक रेषाही बदलली नाही. परंतु १९१४ मधील ‘जनरल व्हिया’ उत्तर तीरावर दोन वर्षांनी ‘दरोडेखोर व्हिया’ झाला.

व्हियाच्या बाबतीत हा बदल घडण्यास दोन वर्षे लागली. रॉबर्ट रनयन याच्या संग्रहात मात्र तो एकाच हाताने, नदीचे तीर बदलताच घडलेला दिसतो. रनयन हा मूळचा केंटकीचा. १९०९ साली तो ब्राउन्सव्हिलला आला व १९१३ साली मातामोरोसच्या मेद्रानो कुटुंबाचा जावई झाला. या नात्यामुळे क्रांतिकारकांच्या छावणीत त्याला सहज प्रवेश मिळाला. जून १९१३ मध्ये लुसिओ ब्लांकोने मातामोरोस घेतले आणि ऑगस्टअखेर लोस बोर्रेगोस येथील जमीन शेतकऱ्यांना वाटून दिली. त्या काळातील रनयनच्या छायाचित्रांत ब्लांको व त्याचे अधिकारी कॅमेऱ्यासमोर सन्मानाने उभे आहेत. ते ‘जनरल’ आहेत, त्यांना नावे आहेत.

८ ऑगस्ट १९१५ रोजी टेक्सासमधील नोरियास येथील किंग रँचच्या ठाण्यावर पन्नास-साठ स्वारांनी हल्ला केला. दुसऱ्या दिवशी रनयन तेथे पोहोचला. त्याच्या कार्डावर टेक्सास रेंजर घोड्यांवर बसलेले आहेत आणि त्यांच्या दोरांना प्रेते बांधलेली आहेत. हे रेंजर चकमक संपल्यावर आले होते. चित्राची मांडणी मात्र विजय त्यांचा असल्याचे सुचविते. मृतांना नावे नाहीत. त्यांच्यासाठी एकच शब्द आहे : ‘बँडिट’.

हा शब्द इटालियन ‘बांदितो’पासून आला; त्याचा मूळ अर्थ दवंडी पिटून बहिष्कृत केलेला, असा आहे. म्हणजे तो माणसाच्या कृत्याचे वर्णन करण्यापूर्वी त्याला कायद्याबाहेर ठेवतो. नोरियासवर हल्ला झाला, हे खरेच. त्या हल्लेखोरांपुरता हा शब्द समर्थनीय आहे, असा युक्तिवाद करता येईल. परंतु त्यानंतरच्या महिन्यांत याच शब्दाच्या आश्रयाने मेक्सिकन वंशाचे शेकडो लोक, त्यांत टेक्सासचे नागरिकही, चौकशीवाचून मारले गेले. या वर्तनाबद्दल विधिमंडळाचे सदस्य होसे कानालेस यांनी रेंजरांवर आरोप ठेवले व १९१९ साली त्यांची चौकशी झाली. कार्ड त्यापूर्वीच घरोघर पोहोचले होते. १८५७ च्या घटनेला ‘बंड’ व ‘स्वातंत्र्यसमर’ अशी दोन नावे लाभलेली पाहणाऱ्या मराठी वाचकास नामाचे हे सामर्थ्य नवे नाही.

रनयनची आठ हजारांहून अधिक छायाचित्रे आता ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या संग्रही आहेत. अशा संग्रहाच्या सूचीत छायाचित्रकाराची ओळ हीच चित्राचे शीर्षक म्हणून आली, तर १९१५ मधील एका विक्रेत्याचा शब्द ग्रंथालयाचा निर्णय होऊन बसतो. ती ओळ पुसणे हा त्यावरील उपाय नव्हे. तीही पुरावाच आहे, पण मृतांविषयीचा नव्हे, तर लिहिणाऱ्याविषयीचा. म्हणून ती अवतरणचिन्हांत ठेवावी व चित्रात प्रत्यक्ष जे दिसते त्याचे वर्णन वेगळे द्यावे. प्रेतांची नावे त्यामुळे परत मिळणार नाहीत. ती हिरावली गेली आहेत, एवढे तरी वाचकास कळेल.