जागा दाखवणारे रसिक

रागसंगीताची ध्वनिमुद्रणं आज जितकी हाताशी आहेत, तितकी याआधी कधीच नव्हती. 78 फेऱ्यांच्या तबकड्या, एलपी, आकाशवाणीची मुद्रणं, कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या बैठकीची स्पूल टेप, सारं काही खिशातल्या फोनवर मिळतं. दोन रसिक भेटले की पाच मिनिटांत अब्दुल करीम खाँसाहेबांपासून किशोरीताईंपर्यंत फेरी मारून येतात. पण या मुद्रणांविषयी आपण एकमेकांशी जे बोलतो, ते मात्र आहे तिथेच राहिलं आहे. ‘अप्रतिम’, ‘दैवी’, ‘असं गाणं पुन्हा होणे नाही’, यापुढे गाडी जात नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण ध्वनिमुद्रणानं रसिकाला जे खरं बळ दिलं, ते आपण वापरतच नाही.

बैठकीत जागा येते आणि निघून जाते. शेजारच्यानं ती ऐकली की नाही, ऐकली तर तशीच ऐकली का, हे ताडून पाहायला काही उपाय नसतो. तबकडीनं तो दिला. ‘अंतरा संपवून मुखड्यावर येताना निषादाला काय केलं ते ऐक’ असं म्हणता येऊ लागलं, आणि समोरच्याला सुई मागे नेऊन ‘मला तसं नाही वाटत’ असं उत्तर देता येऊ लागलं. संगीताच्या चर्चेत पुरावा आला तो इथे. भास्करबुवा बखले 1922 साली गेले आणि अल्लादियाखाँसाहेब 1946 साली. दोघांचीही तबकडी नाही. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते शिष्यांच्या गळ्यातून आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणकारांच्या शब्दांतून. त्या पिढीला शब्द जपून वापरावे लागत, कारण शब्दांशिवाय मागे काही उरणार नव्हतं. आपल्याजवळ गाणंच आहे, म्हणून शब्दांची हयगय झाली असावी.

तबकडीविषयी बोलायचं तर आधी तबकडी म्हणजे काय हे लक्षात घ्यायला हवं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं बसत. केसरबाई केरकरांच्या मालकंसाच्या किंवा नटकामोदाच्या तबकडीत विस्तार नाही अशी तक्रार अजूनही ऐकू येते. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा बसणार? पण त्या तीन मिनिटांत बाईंनी काय ठेवलं आणि काय वगळलं, हे पाहण्यासारखं आहे. आलापाला जवळपास फाटा दिलेला. बंदिश उभी राहते न राहते तोच तान सुरू होते, आणि ती तान मात्र कुठेही घाईची वाटत नाही. दमसास पूर्ण, आवाजाचा घेर शेवटपर्यंत तसाच, समेवर येणं ठरल्यासारखं. म्हणजे बैठकीचा सारांश करायचा नाही, आपल्या गायकीतलं जे सगळ्यांत अस्सल तेवढंच द्यायचं, असा निर्णय त्यात दिसतो. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. त्या भैरवीत त्या काय करतात, हे सांगणारे फार थोडे.

दुसरी गोष्ट वेगाची. 78 फेऱ्या हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या काळातल्या कितीतरी तबकड्या त्याहून कमीजास्त वेगानं मुद्रित झाल्या आहेत. मिनिटाला चार-साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, लय चढते, आणि आपण ‘काय तयारी, काय टिपेचा आवाज’ म्हणून दाद देतो. जुन्या गवयांच्या आवाजाविषयीची आपली काही मतं अशा चुकीच्या वेगावर बेतलेली असणार. त्यातच खरखर काढण्याच्या नादात आवाजाची वरची धार छाटून टाकलेल्या प्रती फिरतात. त्यांत तंबोऱ्याची जवारी मरते आणि गळ्यातला कस जातो. अशी प्रत ऐकून कुणाचा आवाज ‘बोथट’ ठरवणं हा गायकावर अन्याय आहे. 1990 साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी तबकड्यांचे क्रमांक, लेबलं, तपशील यांची नोंद करण्याचं जे काम केलं, ते म्हणूनच मला समीक्षेचंच काम वाटतं. कुठली तबकडी, केव्हाची, हे कळल्याशिवाय गाण्याविषयीचं मत अधांतरी राहतं.

मल्लिकार्जुनअण्णांचंच पाहा. तिसाच्या दशकातल्या त्यांच्या तबकड्यांत नीळकंठबुवांकडची ग्वाल्हेरची तालीम आणि नाटकातल्या गाण्याचा झळझळीतपणा आहे. पुढे मंजीखाँसाहेब भेटले, 1937 साली ते गेल्यावर भूर्जीखाँसाहेबांची तालीम मिळाली, आणि उत्तरायुष्यातल्या मुद्रणांत श्वास तोकडा झालेला असला तरी आवर्तन असं भरलेलं की बोट शिरायला जागा नाही. या दोन टोकांमध्ये एका माणसाचं सबंध शिक्षण ऐकू येतं. पण फोनवर येणाऱ्या फायलीवर साल नसतं, गाव नसतं, कधी रागाचं नावही भलतंच असतं. वर्षानुवर्षं टेप कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या संग्राहकांवर आपण रागावलो, आणि ते योग्यच होतं. पण त्या टेपच्या खोक्यावर निदान तारीख तरी लिहिलेली असे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसनं बुजुर्गांच्या मैफलींच्या कॅसेट बाजारात आणल्या, तेव्हा संग्राहकांच्या कपाटाबाहेर पडलेलं गाणं नीट नावगाव घेऊन आलं होतं.

मराठीत गाण्यावर बोलण्याची परंपरा दुबळी नाही. केशवराव भोळ्यांनी गायकांच्या गुणदोषांवर नावानिशी आणि निर्भीडपणे लिहिलं. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ 1961 साली आलं आणि स्वर व लय या दोन टोकांमध्ये घराणी कुठे बसतात याचा एक आराखडाच रसिकांच्या हाती लागला: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर समतोलावर. हा आराखडा अतिशय प्रकाश देणारा होता. वामनरावांनी तो ऐकून ऐकून बांधला. आपण तो ऐकण्याआधीच लावतो. फैयाजखाँसाहेबांच्या तबकड्यांतले नोमतोमचे आलाप लावा. लयप्रधान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्याचा हा नायक भारदस्त खर्जाच्या आवाजात एकेका स्वराला किती अवकाश देतो! तसंच अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून भीमसेन जोशी लहानपणी वेडे झाले, हे सगळे सांगतात. पण खाँसाहेबांच्या तबकड्यांतल्या सरगमीवर कर्नाटक संगीताची जी छाया आहे, तिच्याकडे बोट दाखवणारा रसिक क्वचित भेटतो.

एलपीनं बाजूला वीस मिनिटं दिली आणि प्रश्नच बदलला. अमीरखाँसाहेबांच्या 1960च्या एलपीवर एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्याची बाजू ऐकताना रसिकांनी एकत्र बसून एकच करावं: षड्ज कुठे येतो तेवढं पाहावं. रिषभ आणि धैवत यांच्यामध्ये खाँसाहेब झूमऱ्याच्या संथ लयीत फिरत राहतात, षड्जाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत येतात आणि मागे वळतात. षड्ज लांबवणं हा मारव्याचा धर्मच, पण इतका धीर क्वचित ऐकायला मिळतो. ही बाजू ‘गंभीर’ आहे असं म्हटल्यानं काही कळत नाही. गांभीर्य कशानं आलं हे सांगायचं तर षड्जाशीच जावं लागतं.

आणि मतभेदाची भीती कशाला? मराठी रसिकांतला सगळ्यांत जिवंत वाद किशोरीताईंच्या भूपावर झाला असेल. जयपूरची चाल त्यांनी सोडली, असं जुनी मंडळी म्हणत. त्यांनी घराण्याच्या पलीकडचा राग दाखवला, असं नवी म्हणत. दोन्ही बाजूंचा पुरावा ध्वनिमुद्रणांतच आहे. मोगूबाईंची तबकडी आणि लेकीची एलपी लागोपाठ लावा. आईच्या गाण्यात आकृती लयीला धरून पुढे सरकते. पुढच्या समेची ओढ आवर्तनभर जाणवते. किशोरीताई विलंबितात गांधारावर थांबतात, त्याला वेगवेगळ्या बाजूंनी स्पर्श करतात, आणि तेवढा वेळ ताल मागे सरकून नुसता आधारापुरता उरतो. मला त्या थांबण्यात भूपाचा विस्तीर्णपणा पहिल्यांदा ऐकू आला, म्हणून मी त्यांच्या बाजूचा. पण लयीची ती ओढ सैल झाली हा आक्षेपही त्याच गांधारापाशी खरा ठरतो, आणि तो घेणाऱ्याबरोबर ती बाजू पुन्हा पहिल्यापासून ऐकायला मी कधीही तयार आहे.