'नागरिक' हा शब्द आणि पौलाचा हक्क

भाषांतरात काही शब्द इतके सोयीचे असतात की त्यांच्यामुळे मूळ अर्थ केव्हा निसटला हे अनुवादकाला कळतही नाही. 'नागरिक' हा असा एक शब्द होय. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रीक ग्रंथातील पौलाच्या कायदेशीर हक्काचे प्रसंग मराठीत आणू पाहणाऱ्याला याचा प्रत्यय आल्यावाचून राहत नाही.

यरुशलेममधील प्रसंग घ्या. दंगलीतून ताब्यात घेतलेला पौल रोमी सेनाधिकाऱ्याला सांगतो की, मी किलिकियातील तार्स या नामांकित नगराचा 'पोलितेस' आहे. अधिकारी त्याला लोकांशी बोलण्याची परवानगी देतो. परंतु गोंधळ पुन्हा वाढताच त्याला फटके मारून चौकशी करण्याचा हुकूमही तोच देतो. वादी आवळल्या जात असताना पौल शताधिपतीला विचारतो की, 'रोमाइओस' असलेल्या माणसाला निवाड्यावाचून फटके मारणे कायदेशीर आहे काय? या एका शब्दासरशी चाबूक थांबतो. पहिल्या शब्दाने जे साधले नाही ते दुसऱ्याने साधले, हा या प्रसंगाचा कणा आहे. तार्सचे नागरिकत्व ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. रोमी असणे हे कायद्याचे कवच होते. १६११ च्या इंग्रजी अनुवादाने दुसऱ्या ठिकाणी 'रोमन' एवढेच म्हटले. १९४६ च्या सुधारित अनुवादाने मात्र तेथे 'रोमन नागरिक' असे स्पष्टीकरण केले. अर्थ चुकला नाही. पण दोन्ही ठिकाणी एकच शब्द आल्यामुळे पहिले नागरिकत्व निष्प्रभ का ठरले हे वाचकाला उमगत नाही.

याहून गंभीर अडचण आपल्या शब्दाच्या आजच्या अर्थातून उद्भवते. जुन्या मराठीत 'नागर' म्हणजे सुंदर, सुसंस्कृत. 'नागरिक' म्हणजे नगरवासी. १९५० साली संविधान अमलात आल्यापासून मात्र या शब्दामागे कायद्यापुढील समानता उभी आहे. रोमचा हक्क याच्या नेमका उलट होता. इतरांना नसल्यामुळेच त्याला किंमत होती. तो सेनाधिकारी क्लौद्य लुसिया स्वतःच सांगतो की, आपण तो मोठी रक्कम देऊन मिळवला. पौल उत्तरतो की, मी तर जन्मतःच रोमी आहे. जे विकत मिळते आणि वारशाने येते, त्याला आपल्या अर्थाने नागरिकत्व म्हणावे काय?

पौलाच्या पत्रांत या हक्काचा उल्लेख कोठेही नाही. उलट, आपल्याला तीनदा छड्या बसल्या असे तो करिंथकरांना लिहितो. म्हणून काही अभ्यासक तो रोमी होता याविषयीच शंका घेतात. शेर्विन-व्हाइट यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात 'कृत्यां'तील न्यायप्रक्रिया पहिल्या शतकातील रोमी व्यवहाराशी जुळते असे साधार दाखवले. पण कथनातील प्रक्रिया खरी असणे आणि नायकाचा दर्जा खरा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरता कामा नये.

हक्क नसलेल्यांचे काय होई, हे पुढच्या शतकात दिसते. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की, जे ख्रिस्ती रोमी होते त्यांची नावे रोमला पाठवण्यासाठी नोंदवली. हट्टाला पेटलेल्या इतरांना देहान्त दिला. मंडळीत 'सेविका' म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींना तर माहितीसाठी यातना देण्यात आल्या. इ.स. १७७ च्या सुमारास लियों येथे आत्तालस रोमी निघाला, तेव्हा सम्राटाकडे विचारणा झाली. उत्तर आल्यावर रोमी असलेल्यांचा सुभेदाराने शिरच्छेद केला. तरीही जमावाच्या समाधानासाठी आत्तालसला श्वापदांपुढे टाकण्यात आले. इ.स. २१२ मध्ये काराकाल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना हा दर्जा दिला; परंतु तोवर शिक्षेची पायरी 'प्रतिष्ठित' आणि 'हीन' या भेदावर ठरू लागली होती. हक्क सर्वांचा झाला आणि त्यातील संरक्षण मात्र दुसरीकडे सरकले!

या पार्श्वभूमीवर फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील 'पोलितेउमा' या शब्दाचे वजन कळते. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. रोमीपणाचा अभिमान तेथे घरोघर असणार. 'कृत्यां'च्या कथनानुसार तेथेच पौलाने निवाड्यावाचून फटके खाल्ले होते. त्याच गावाला तो लिहितो की, आपले 'पोलितेउमा' स्वर्गात आहे. त्यात दासही सामील होता. दास्य त्यामुळे नष्ट झाले नाही, हे खरे. पण ज्याला कोणत्याही नगराने आपले म्हटले नव्हते, त्याला आपलेपणा सांगणारा एक शब्द मिळाला.

म्हणून मला वाटते, मराठी अनुवादकाने तार्सच्या संदर्भात 'नागरिक', चाबकाच्या प्रसंगी केवळ 'रोमी' आणि पत्रात 'राष्ट्रसमाज' यांसारखा शब्द योजावा. वाचक क्षणभर अडखळेल. अडखळू द्यावे, कारण त्या काळी याच शब्दांच्या अंतरावर एकाची पाठ वाचत होती आणि दुसऱ्याची सोलली जात होती. हे अंतर आपल्या समतेच्या शब्दाने बुजवणे म्हणजे त्या दोन अनाम दासींना पुन्हा एकदा नजरेआड करणे होय.