बायबल अभ्यासवर्ग आणि बौद्ध उपासक

ख्रिस्ती मित्रांच्या बायबल अभ्यासवर्गास बौद्धाने जावे की नाही, असा प्रश्न महाविद्यालयीन तरुण विहारात विचारतात. त्यांना दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक, तिकडे फिरकू नका, तो धर्मांतराचा सापळा आहे. दुसरे, खुशाल जा, सर्व धर्म शेवटी एकच. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे धम्माला धरून नाहीत.

पहिल्या उत्तरामागे भीती आहे. उपालि सुत्तात निगंठांचा एक धनाढ्य उपासक भगवंतांशी वाद करावयास आला आणि अखेर शरण जाऊ लागला. तेव्हा भगवंतांनी त्याला आधी नीट विचार करावयास सांगितले. निगंठांना त्याच्या घरी मिळणारे दान चालू ठेवावे, असेही सुचविले. अशा शास्त्याच्या अनुयायाने परक्या ग्रंथाला भ्यावे काय? श्रीलंकेत पाणदुरा येथे १८७३ साली मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला, तो बायबलचा कसून अभ्यास करूनच. बाबासाहेबांनीही १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणवितो, तर बुद्ध केवळ मार्गदाता आहे, हा भेद स्पष्ट केला. दुसऱ्याचा धर्म अभ्यासल्यावाचून असा भेद दाखविता येत नाही.

दुसरे उत्तर वरकरणी उदार, परंतु अधिक घातक आहे. शुभवर्तमानांतील दीनदुबळ्यांविषयीचा कळवळा बौद्ध मनाला जवळचा वाटेल, वाटावाही. पण ख्रिस्ती श्रद्धा त्या नीतीपाशी थांबत नाही. निर्माता ईश्वर, त्याचा देहधारी पुत्र, वधस्तंभावरील मरणाने मिळणारी पापक्षमा आणि पुनरुत्थान यांवर ती उभी आहे. देवाने अवतार घेतला यावर विश्वास नाही, ही बावीस प्रतिज्ञांपैकी एक आहे. हा भेद पुसून टाकणे म्हणजे आपल्या धम्माशी प्रतारणा आणि ख्रिस्ती मित्राच्या श्रद्धेचाही अवमान होय.

तेव्हा जावे, पण अभ्यासक म्हणून जावे. आपण बौद्ध आहोत हे पहिल्याच दिवशी सांगावे. प्रार्थनेच्या वेळी आदराने शांत बसावे. मनात नसलेले शब्द भिडेखातर उच्चारू नयेत. प्रश्न विचारण्यास मोकळीक नसेल, तर तो अभ्यासवर्ग नव्हे, असे समजून नम्रपणे उठावे. आजारपण किंवा गरिबी हेरून कोणी बोलावीत असेल, तर तेथे ग्रंथ हे केवळ निमित्त आहे.

आता थोडे आपल्याकडे पाहू. त्या वर्गात दहा जण बसतात, प्रत्येकाच्या हाती ग्रंथ असतो आणि एकेका वचनावर चर्चा होते. आमच्या अनेक विहारांत वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचला जातो खरा. पण एक वाचतो, बाकीचे ऐकतात आणि प्रश्न क्वचितच उठतो. त्याच १९५० सालच्या लेखात बाबासाहेबांनी बौद्धांसाठी बायबलसारख्या एका ग्रंथाची निकड मांडली होती. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो हाती असूनही आमच्या तरुणाला मोकळ्या चर्चेसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागत असेल, तर दोष त्या दाराचा नव्हे. कालामांना परीक्षेचा अधिकार देणाऱ्या धम्माच्या विहारात प्रश्नकर्त्यासाठी एक सतरंजी कायम अंथरलेली असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.