‘शंभर टक्के कव्हरेज’ हा शब्द प्रबंधात कसा वापरायचा?

आरोग्य विम्यावर सिनॉप्सिस लिहिताना पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: महाराष्ट्रात आता सगळ्या नागरिकांना पाच लाखांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळालं आहे. त्याखाली उद्दिष्ट असतं, ‘योजनेचा लाभार्थ्यांवर झालेला परिणाम अभ्यासणे’. या दोन वाक्यांच्या मध्ये एक खड्डा आहे. तो न बघता पुढे गेलं की डेटा गोळा झाल्यावर अडचण होते. म्हणून आज या ‘सगळ्यांना’चीच चिकित्सा करू. उदाहरणाला पाथर्डी तालुका घेऊ, कारण तिथे हा शब्द तपासायला जागा मिळते.

आधी योजनेचा इतिहास थोडक्यात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नगर जिल्हा त्यात नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत, ९७१ ठरावीक उपचारांसाठी. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी सांगड घातली गेली, आणि जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मर्यादा पाच लाख करून योजना सगळ्यांना खुली करायचं ठरवलं.

म्हणजे ‘सगळ्यांना’ हा पात्रतेचा शब्द आहे. पण कागदावर पात्र असणं, आपण पात्र आहोत हे माहीत असणं, वेळ आल्यावर योजनेतल्या दवाखान्यापर्यंत पोचणं आणि कर्ज न काढता तिथून घरी येणं हे चार वेगळे व्हेरिएबल आहेत. चौघांना मिळून ‘कव्हरेज’ म्हटलं की प्रबंधातला युक्तिवाद तिथेच ढिला पडतो.

पहिल्या दोघांमधलं अंतर किती असू शकतं ते बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विचारलं होतं की घरातल्या कोणाला आरोग्य विमा किंवा आरोग्य योजनेचं संरक्षण आहे का. देशात ४१ टक्के कुटुंबांमध्ये उत्तर ‘हो’ आलं. महाराष्ट्रात मात्र पाचातल्या एका कुटुंबाच्या आसपास. त्या वेळी पिवळी आणि केशरी कार्डं धरली तर राज्यातली बहुसंख्य कुटुंबं पात्र होती! मग खोटं कोण, शासन की सर्वेक्षण? दोघंही नाहीत. या योजनेत कुटुंबाने हप्ता भरलेला नसतो, नोंदणीला रांग लावलेली नसते, रेशनकार्डावरच काम होतं. त्यामुळे ‘विमा आहे का’ विचारल्यावर माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. योजनेची माहिती त्याला बहुधा आरोग्यमित्राकडून मिळते, आणि आरोग्यमित्र बसतो योजनेतल्या रुग्णालयात. चुकून दुसऱ्याच दवाखान्यात गेलेल्या पेशंटला तो भेटणार कसा? तेव्हा तुमच्या प्रश्नावलीत पात्रता आणि माहिती हे दोन प्रश्न वेगळे हवेतच.

आता पाथर्डीचा मुद्दा. तालुका नगर जिल्ह्यात, पण शेजार बीडचा. अवर्षण तेच, ऊसतोडीला जाणारी माणसं तीच, भगवानगडाला जाणारी वाटही तीच. तरीही योजनेने मध्ये एक रेघ ओढली होती. शेतकरी आत्महत्याग्रस्त ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत पांढरं रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यालाही सातबाऱ्यावर लाभ मिळत होता. बीड त्या १४ मध्ये होतं, नगर नव्हतं. त्यामुळे शिरूर कासारचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी पात्र आणि हद्दीअलीकडचा पाथर्डीचा तसाच शेतकरी अपात्र. दुष्काळाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, योजनेला कळते.

धोरण म्हणून ही रेघ अन्यायाची होती. संशोधकाला मात्र तिच्यामुळे तुलनेसाठी आयते दोन गट मिळतात. फक्त लगेच हुरळून जाऊ नका. हद्दीच्या दोन्ही बाजूंचे पेशंट मोठ्या उपचारासाठी नगरला येत असतील तर रुग्णालयाचा डेटा दोन्ही गटांची सरमिसळ करणार. शिवाय दिवाळीच्या सुमाराला तोडणी कामगार कारखान्यांकडे निघतात ते उन्हाळ्यात परततात. डिसेंबरात घरोघरी सर्वेक्षण केलंत तर ज्यांना संरक्षणाची गरज जास्त, त्यांच्याच दाराला कुलूप असेल. रिपोर्टात ‘घर बंद’ असा शेरा पडेल आणि सॅम्पल नकळत सुस्थितीतल्या लोकांकडे झुकेल.

दुसरी चिकित्सा ‘परवडणं’ या शब्दाची. शाश्वत विकास उद्दिष्टांच्या चौकटीत बरीच वर्षं एक माप वापरलं गेलं: कुटुंबाच्या एकूण खर्चातला १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर गेला तर तो डोईजड खर्च. माप सोपं आहे, म्हणून प्रबंधांत लोकप्रिय आहे. पण जी बाई कोयता बंद ठेवला तर मजुरी बुडेल म्हणून दवाखान्यात गेलीच नाही, तिचा खर्च शून्य. या मापात ती ‘सुरक्षित’ ठरते. दुखणं अंगावर काढणं आणि संरक्षण मिळणं या दोन्हींना एकच आकडा देणारं माप एकट्याने वापरू नये. ‘गेल्या वर्षात गरज असून उपचार घेतले नाहीत, असं झालं का’ हा एक प्रश्न जोडला तरी चित्र बदलतं.

आणि खर्च कुठला मोजायचा? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये होता. योजना मुख्यतः या दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, गावातल्या डॉक्टरची फी, नगरपर्यंतच्या सुमारे पन्नास किलोमीटरचं गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी पाच लाखांत येत नाही. खासगी पॉलिसीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हे चांगलंच झालं. पण ज्याचं उत्पन्न मुकादमाच्या उचलीवर चालतं त्याला वर्षाचा हप्ता एकरकमी भरणं परवडेल का, हे करसवलतीवरून ठरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालात सार्वत्रिक संरक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: किती लोक, कोणत्या सेवा, खर्चाचा किती वाटा. आपल्याकडे पहिली बाजू ताणून शंभरवर नेली आणि उरलेल्या दोन गृहीत धरल्या. नियोजन आयोगाने नेमलेल्या श्रीनाथ रेड्डी समितीने २०११ मध्ये वेगळा रस्ता सुचवला होता. पैसा करांतून उभा करा, विमा कंपन्यांमार्फत सेवा विकत घेऊ नका आणि आरोग्यखर्चातला किमान ७० टक्के वाटा प्राथमिक सेवेला द्या. त्या कसोटीवर मला १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत करण्याचा निर्णय पाच लाखांच्या घोषणेपेक्षा ‘सार्वत्रिक’ शब्दाच्या जास्त जवळचा वाटतो. तिथे कार्डाचा रंगही विचारायचा नाही आणि ओपीडीही आत येते. अर्थात डॉक्टर हजर आहे का आणि गोळ्या शिल्लक आहेत का, हे मोजल्याशिवाय तोही कागदच.

म्हणून सिनॉप्सिसमधलं ते पहिलं वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा: अमुक साली, अमुक कार्डाचे लोक, अमुक उपचारांसाठी पात्र ठरले, त्यांपैकी किती जणांना ते माहीत होतं, किती जण पोचले आणि किती जणांवर कर्ज झालं, हे मी तपासणार आहे. वाक्य लांबलचक होईल, गाईड एखादवेळी कुरकुर करतील. पण व्हायव्हात ‘कव्हरेज म्हणजे काय?’ असं विचारल्यावर तुमच्याकडे उत्तर असेल.